बंगईच्या कडीला पंखा

अमरावतीच्या परकोटाच्या आत, बुधवाऱ्याकडून अंबागेटकडे जाताना एखाद्या जुन्या दरवाजावर खडूने लिहिलेले दिसते: ‘एक खोली किरायाने देणे आहे. फक्त विद्यार्थी.’ पुण्या-मुंबईत घर भाड्याने मिळते, वऱ्हाडात ते किरायाने मिळते. आणि खोली इथे घेतली जात नाही, ‘केली’ जाते. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचा पोरगा बारावी होऊन अमरावतीला गेला, की गावात पहिला प्रश्न कॉलेजचा नसतो. ‘खोली कुठं केली?’ हा असतो.

ती खोली साधारण दहा बाय बाराची असते. भिंत दोन हात रुंद, पांढऱ्या मातीची, वरून चुन्याचे हात मारलेले. भिंतीत दोन कोनाडे. एकात पूर्वी दिवा लागत असावा, कारण त्याच्या कमानीवर काजळीचा काळा टिळा अजून आहे. आता तिथे मोबाईलचा चार्जर असतो. वर सागवानी तुळई, आणि तुळईत घट्ट बसवलेल्या दोन लोखंडी कड्या. या कड्यांना एके काळी बंगई टांगलेली होती. घरचे कर्ते पुरुष दुपारी तिच्यावर पानाचा डबा घेऊन बसत. आता एका कडीला पंखा लटकतो आणि दुसरीपासून खिडकीच्या गजापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी जाते. तुळईखाली निळी पन्नी ताणून बांधलेली असते. ती शोभेसाठी नाही, वरच्या धाब्याच्या छताची माती ताटात पडू नये म्हणून. नळ अंगणात, न्हाणी सगळ्यांची मिळून एक, आणि दाराशेजारी मालकाने लावलेले विजेचे सबमीटर.

हीच खोली न्यूयॉर्कमध्ये असती तर तिला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हटले असते.

हे थट्टेने म्हटलेले नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन आणि ब्रुकलिन भागांत तपकिरी वालुकाश्माने मढवलेल्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. ‘ब्राउनस्टोन’ नावाची ही घरे एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू कुटुंबांसाठी बांधली गेली. दगड मुख्यतः शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या पोर्टलंडच्या खाणींतून आला. कुटुंबे पुढे उपनगरांत गेली, घरांच्या खोल्या-खोल्या झाल्या, आणि एका खोलीत झोपणे, रांधणे, अभ्यास असा संसार मांडणारे किरायेदार आले. तो दगड मऊ. त्यात बांधताना पुष्कळ ठिकाणी त्याचे थर आडवे न ठेवता उभे लावले गेले, म्हणून थंडी-पावसाने त्याचे पापुद्रे सुटतात. वऱ्हाडातल्या भिंतीचे पोपडे आणि ब्रुकलिनच्या दर्शनी भागाचे पापुद्रे हे एकाच घराण्याचे दुखणे म्हणायला हरकत नाही.

नाते त्याहून जवळचे आहे, आणि ते कापसाचे आहे. अमेरिकन यादवी युद्धापूर्वीच्या न्यूयॉर्कमधल्या पेढ्या, जहाजकंपन्या आणि विमावाले अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या व्यापारावर गबर झाले होते. १८६१ मध्ये यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे पाहिले. तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात येऊन आठ वर्षे झालेल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगावचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयोने उघडला. अकोला, अमरावती, खामगाव, अकोट या बाजारांत कापसाच्या पैशाने माड्या चढल्या, मेळघाटच्या सागवानाच्या तुळया आल्या, दारांवर नक्षी आली. म्हणजे ब्राउनस्टोनच्या गल्लीत आणि परकोटाच्या आतल्या गल्लीत जो पैसा भिंती होऊन उभा राहिला, तो एकाच बाजाराच्या दोन टोकांचा.

परकोट त्याहून जुना. व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांपासून वाचवण्यासाठी निजामाच्या अमदानीत १८०७ मध्ये ही दगडी भिंत बांधायला घेतली. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट. तिच्या वेशींना गेट म्हणतात आणि छोट्या दिंडी दरवाजांना खिडक्या. १८१८ मधल्या कापाकापीवरून एका खिडकीचे नाव खुनारी पडले, ते आजही टिकून आहे. पत्ता सांगताना विद्यार्थी सहज म्हणतो, ‘खिडकीच्या आतून तिसरं घर.’

प्रश्न असा की, न्यूयॉर्कची ती घरे उभी राहिली आणि परकोटातली का पडत आहेत?

माती कच्ची म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. पांढऱ्या मातीची दोन हात रुंद भिंत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी दुपारी गार असते. सिमेंटच्या पत्र्याखाली कूलर लावून जे मिळत नाही ते या खोलीत फुकट मिळते. धाब्याला फक्त एक गोष्ट लागते: दर उन्हाळ्याच्या शेवटी वरून खारी मातीचा थर. ती मिळायलाही लांब जावे लागत नाही, खारपाणपट्टा हाकेवर आहे. तो थर एक-दोन वर्षे चुकला की पाणी तुळईपर्यंत उतरते, ओल्या लाकडाला उधई लागते, आणि पाच-सहा पावसाळ्यांत जे व्हायचे ते होते. मातीचे घर वयाने पडत नाही. हेळसांडीने पडते. आणि ही हेळसांड बऱ्याच ठिकाणी हिशेब करून केलेली असते.

तो हिशेब समजायला १९४९ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात घरे किरायाने देण्याविषयीचा आणि किरायावरच्या नियंत्रणाचा आदेश निघाला. महायुद्धानंतरची घरटंचाई, त्यात फाळणीने उखडलेली माणसे. आदेश कडक असणे साहजिक होते. घर रिकामे झाले की मालकाने सात दिवसांत सरकारला कळवायचे आणि सरकार ते सरकारी नोकराला वगैरे देऊ शकत असे. किरायेदाराला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. पन्नास वर्षे हे चालले. ‘एकदा घुसलेला किरायेदार निघत नाही’ ही वऱ्हाडातल्या घरमालकाच्या हाडात बसलेली भीती तिथून आली आहे, आणि ती निव्वळ बागुलबुवा नव्हती.

राज्याने १९९९ मध्ये मुंबई, वऱ्हाड-नागपूर आणि मराठवाड्याचे वेगवेगळे कायदे मोडून एकच भाडे नियंत्रण कायदा केला. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्यात मालकाला किराया वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतो. ऐकायला बरे वाटते. पण ज्या जुन्या किरायेदाराचा किराया तेव्हा पन्नास रुपये होता, त्याचा किराया चक्रवाढीने धरला तरी पंचवीस वर्षांनी होतो १३३ रुपये. त्यात गवंड्याचा एक दिवसही निघत नाही. दुरुस्तीची जबाबदारी याच कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर किरायेदाराने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च किरायातून वळता करून घ्यावा, अशीही सोय आहे. मात्र वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. १३३ रुपये महिना म्हणजे वर्षाचे १,५९६, आणि त्याचा चौथा हिस्सा ३९९. या ३९९ रुपयांत सागवानी तुळई बदलून दाखवणारा सुतार सापडला तर त्याचा सत्कार करायला हवा.

म्हणून मालक वाट पाहतो. घर पडले की जागा मोकळी. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीतही जुनी धोकादायक इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला जादा चटईक्षेत्र मिळते. जुने घर दुरुस्त करून त्यातल्या खोल्या चालू ठेवणाऱ्याला काय मिळते? घरपट्टीची पावती. अनेक नगरपालिकांत तर किरायेदार दाखवला की घरपट्टी चढते.

मालकाला खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. परकोटातल्या किंवा जुन्या अकोल्यातल्या अशा घराच्या मिळकत पत्रिकेवर पाहिले तर दहा-पंधरा वारसांची नावे निघतात. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरात, एखादा अमेरिकेत. घरात राहते ती एक वयस्क काकू, आणि तिचा महिन्याचा खर्च पुढच्या चार खोल्यांतल्या पोरांच्या किरायावर चालतो. धाब्यावर माती टाकायचा खर्च एकटीने का करायचा, हा तिचा प्रश्न चूक नाही. तिच्या पुतण्यांना तो ऐकू येत नाही, एवढेच.

या वाट पाहण्याची किंमत अमरावतीने मोजली आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळी नुकतीच संपलेली असताना, प्रभात चौकातली एक जुनी इमारत कोसळली आणि पाच माणसे ढिगाऱ्याखाली गेली. महापालिकेची नोटीस आधीच बजावलेली होती. पावसाळ्यापूर्वी अशा नोटिसा दर वर्षी शेकड्याने चिकटवल्या जातात. नोटीस लागली की प्रशासनाची जबाबदारी संपते, मालकाला घर रिकामे करायचे निमित्त मिळते, आणि किरायेदार ‘हे तर दरसालचं आहे’ म्हणून तिथेच झोपतो.

आता पुन्हा त्या बंगईच्या कडीखाली झोपणाऱ्या पोराकडे.

तो पन्नास रुपयांचा जुना किरायेदार नाही. तो बाजारभावाने किराया देतो आणि त्याच्या हातात एक चिठोरेही नसते. जुन्या किरायेदाराला कायद्याने इतके सांभाळले की मालकाने धडा घेतला: नव्याला काही लिहून द्यायचे नाही. वास्तविक याच कायद्याने करार लेखी आणि नोंदणी केलेला असणे सक्तीचे केले आहे, तेही मालकाच्या जबाबदारीवर. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर किरायेदार अटींबद्दल जे सांगेल ते खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पावती देणेही बंधनकारक आहे. हे कोणत्याही मालकाला सांगून पाहावे. तो प्रेमाने चहा पाजेल आणि विषय बदलेल.

‘अकरा महिन्यांचे’ ते प्रसिद्ध स्टॅम्पपेपर हाही असाच एक गोड गैरसमज. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात २००० पासून ती वाटच उरलेली नाही, इथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. तरी कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे आजही तोच मसुदा तयार असतो, फक्त नावे बदलायची.

कागद नसल्याने पोराचे काय जाते? अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्याला राहण्या-जेवणासाठी रोख मदत मिळते. अमरावतीसारख्या महसुली विभागाच्या शहरात ती वर्षाला ५१ हजार ठरली, त्यात निवासाचा वाटा १५ हजारांचा, म्हणजे महिन्याला १,२५०. या पैशात शहरात जे परवडते ते म्हणजे हीच जुन्या वाड्यातली खोली. आणि मदतीच्या अर्जासोबत किरायाने राहत असल्याचा पुरावा लागतो. खोली आहे, किराया जातो आहे, योजना आहे. आणि मालक सही करत नाही म्हणून पोरगा समाजकल्याणच्या कार्यालयात हेलपाटे घालतो आहे.

सही तरी पुढची गोष्ट. त्याआधी ‘आडनाव काय?’ हा प्रश्न असतो. तो दारातच विचारला जातो, आणि उत्तर ऐकून ‘खोली कालच गेली’ असे सांगितले जाते. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात नोकरी होती, खोली नव्हती. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात उतरावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही हुसकले. वऱ्हाडाने मात्र या प्रश्नाला उत्तरेही दिली आहेत. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी स्वतःला झोपडी न बांधता पंढरपूरपासून मुंबईपर्यंत इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यातली एक चोखामेळ्याच्या नावाची. आज अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. त्याच विद्यापीठात शिकायला आलेल्या पोराला खोलीसाठी आडनाव सांगावे लागते.

कायद्यातला एक छोटा काटा काढला तर निदान कागदाचा प्रश्न बराच सुटेल. समजा खोलीचा किराया महिना १,५०० आहे. अकरा महिन्यांचे झाले १६,५००. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ४१ रुपये २५ पैसे. आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी? सरसकट १,०००. चार बेडरूमच्या फ्लॅटलाही हजार आणि पन्नीखालच्या खोलीलाही हजार. वर एजंटाचे वेगळे. म्हणजे कायदा पाळायचा तर जवळजवळ एका महिन्याच्या किरायाइतके पैसे मोजायचे. गरिबाच्या खोलीला कायदा महाग आणि श्रीमंताच्या फ्लॅटला स्वस्त, हे कोणी ठरवून केलेले नसेल, पण झाले आहे तसेच. तीन हजारांखालच्या किरायाची नोंदणी फुकट करावी. सरकारचे बुडणार ते किती? अशा खोल्यांची नोंदणी आज होतच नाही, तर जे मिळतच नाही ते बुडणार कसे?

मालकाचाही यात फायदा आहे, आणि तो त्याला कोणी समजावत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला दिवाणी कोर्टात पिढ्या घालवाव्या लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल होते. १९४९ ची भीती घालवणारे औषध १९९९ च्या कायद्यातच आहे. ते घ्यायचे सोडून मालक कागदच टाळतो आणि आपणहून उघडा पडतो.

डिपॉझिटचे तसेच. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये अनामत रक्कम एका महिन्याच्या किरायाइतकीच ठेवली. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांच्या मर्जीवर. घरे जपण्याच्या बाबतीतही तिकडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १९६५ मध्ये ब्रुकलिन हाइट्स हा न्यूयॉर्कचा पहिला संरक्षित ऐतिहासिक भाग जाहीर झाला. तिथे घराच्या दर्शनी भागाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आत मात्र माणसे राहतात, किराया देतात. तिथले किराये ऐकून हिवरखेडकराला घेरी येईल, आणि ती घरे आता गरिबांची उरलेली नाहीत, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. घर वाचले आणि किरायेदार हरवला, असे इथे व्हायला नको असेल तर घरपट्टीतली सूट दुरुस्तीला आणि नोंदवलेल्या किरायेदाराला मिळून द्यावी. दोन्ही असतील तरच सूट.

हा विषय अमरावती-अकोल्याचा आहे, हिवरखेडचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. तेल्हारा तालुक्यातले हे सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव आता ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत गेले आहे. मीटरगेजची गाडी २०१७ पासून बंद आहे. अकोल्याहून अकोटपर्यंत रुंद रुळांवर नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी आली. पुढचे काम हिवरखेडच्या दिशेने आले की इंजिनिअर, ठेकेदार, मजूर यांना खोल्या लागतील. आणि खोली किरायाने देण्याची कला गावाला अगदीच नवी नाही. शिक्षकाने, ग्रामसेवकाने मुख्यालयी राहावे अशी सरकारची अट आहे. २०१९ मध्ये त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचीही भर पडली. त्यामुळे वऱ्हाडातल्या बहुतेक मोठ्या गावांत जुन्या वाड्यातली एखादी खोली साहेबांच्या नावाने असते. तिला कुलूप असते. किराया वेळेवर येतो, साहेब अकोटहून अप-डाऊन करतात. वऱ्हाडात सर्वांत नीट कागदपत्र असलेली खोली कुठली, तर जिच्यात कोणी राहत नाही ती.

भाडे नियंत्रण कायदा सगळ्या गावांना आपोआप लागत नाही. ज्यांची नावे त्याच्या परिशिष्टांत आहेत, किंवा सरकार अधिसूचना काढून जिथे लावते, तिथेच तो लागतो. त्यात आपले गाव कुठे बसते हे नव्या नगरसेवकांनी पहिल्याच वर्षी पाहून घ्यावे. घरपट्टीचे दर नव्याने ठरतील तेव्हा धाब्याच्या घराला आणि किरायेदाराच्या खोलीला कोणत्या रकान्यात टाकायचे, हेही तेव्हाच ठरेल. अमरावतीला हे दुरुस्त करायला आता फार जुने पुसावे लागेल. हिवरखेडची वही कोरी आहे.

तोवर जून येतो. एसटीतून उतरलेला बाप डोक्यावर गादीची वळकटी घेऊन परकोटाच्या खिडकीतून आत येतो, मागे पोरगा पत्र्याची पेटी आणि पिठाचा डबा घेऊन. मालक ओसरीवर बसलेले असतात. खोली दाखवतात, पंखा सुरू करून दाखवतात, सबमीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

“किराया पयल्या तारखेले. रातच्या दहाले दरवाजा बंद.”

“काकाजी, पावती भेटन काय? कॉलेजात लागते,” पोरगा विचारतो.

“पावती कायची, बापा? तू काय दुकानातून सामान घेऊन रायला?”

बाप पोराच्या खांद्यावर हात ठेवतो, म्हणजे गप्प राहा. मग वर बघतो. पन्नीत एका जागी पाणी साचून फुगा आला आहे. तो मालकांकडे काठी मागतो, बाहेर बादली लावतो, आणि फुग्याला खालून हळूच टोचून पाणी कोपऱ्याकडे नेऊ लागतो.